मूर्ती, कीर्ती आणि बाही

३ फेब्रुवारी, संध्याकाळी ५ वाजून १० मिनिटं

याच मिनिटाला माझं आयुष्य बदललं. लगेच लिहून ठेवतोय, नंतर तपशिलात घोळ नको.

झालं असं. मी मामाच्या शिंपीदुकानात काउंटरमागे एका पँटची तळदुमड उसवत होतो. काजकाका (दुकानातले काज-बटणवाले. वय सत्तर, बोटं चाळिशीतली, जीभ विशीतली) मामाला सांगत होते की मार्सियानोसारखा हेवीवेट पुन्हा होणे नाही. काकांनी उमेदीची वर्षं एका पलटणीच्या शिंपीखान्यात काढली. तिथे बॉक्सिंग पाहिलं आणि तेव्हापासून त्यांच्या डोक्यातली घंटा थांबलेली नाही. तेवढ्यात वरची आली.

वरची म्हणजे दुकानाच्या वरच्या मजल्यावरच्या बॉक्सिंग जिममध्ये रोज येणारी. सकाळी ती कोपऱ्यावरच्या दातांच्या दवाखान्यात रिसेप्शनला असते. सकाळी दात बसवणाऱ्यांत, संध्याकाळी पाडणाऱ्यांत. तिला चोवीस तारखेच्या स्पर्धेत रिंगणात उतरताना घालायला रोब शिवून हवाय. आयुष्यातली पहिली लढत. मामा त्याला झगा म्हणतो.

काकांचं बोलणं ऐकून ती माझ्याकडे वळली आणि तुझं काय मत, असं विचारलं. तुझं! तुमचं नाही! मी क्षणाचाही विलंब न लावता म्हणालो की काळ कोणताही असो, जो मोठा तो जिंकणार. (बॉक्सिंगची एकही लढत मी अजून पूर्ण पाहिलेली नाही. पण मत असायला लढत कशाला लागते?) ती हसली. म्हणाली की कागदावर मांडून दाखव, मग मानते.

मग मानते.

मामा म्हणतो ती पोरगी चेष्टा करत होती. मामाचं लग्न जुळवून झालेलं आहे, त्याला काय कळणार.

४ फेब्रुवारी

संकल्प : वीस तारखेपर्यंत जगातल्या सगळ्या हेवीवेट बॉक्सरांचा तुलनात्मक तक्ता. हेवीवेटच का, तर बाकी गटांत वजन बघूनच जोड्या लावतात. हेवीवेटला वरची मर्यादाच नाही. एक्क्याण्णव किलोचा आणि एकशे चाळीस किलोचा एकाच रिंगणात. मोठा की लहान, हा प्रश्न फक्त तिथेच.

मामाची जुनी मापाची वही घेतली, मागची पानं कोरी होती. दोन मुख्य रकाने. पहिला मूर्ती : उंची, वजन, रीच. दुसरा कीर्ती : जिंकलेल्या, हरलेल्या. काजकाकांनी डोकावून पाहिलं आणि म्हणाले की म्हणच आहे, मूर्ती लहान पण कीर्ती महान. मी म्हणालो की म्हणी लहान माणसांनीच काढलेल्या असतात.

तुलनेला म्हणून शेवटी स्वतःचीही ओळ घातली. उंची पाच अकरा, वजन ब्याऐंशी किलो. कीर्ती : शून्य पराभव. मार्सियानोइतकीच.

५ फेब्रुवारी

मोठा शोध. अलीची रीच अठ्ठ्याहत्तर इंच! मी स्वतःची बाही मोजली : साडेचोवीस. अलीचा हात माझ्या तिप्पट! ताठ उभा राहिला तर बोटं फूट-सव्वा फूट जमिनीवर लोळणार. म्हणूनच तो रिंगणात सतत नाचत असावा. हे आजवर कोणाच्याच लक्षात कसं आलं नाही?

वरून दोरीच्या उड्यांचा आवाज येतो तो तिचाच. बाकीच्यांचा टप-टप, तिचा टिप-टिप. मी मशीनचं पायडल त्या तालावर धरतो. आजची शिलाई वाकडी आली. मामाने दाखवली. मी म्हणालो की कापडच वाकडं होतं.

६ फेब्रुवारी

अलीचा शोध काजकाकांना सांगितला. ते इतके हसले की तोंडातली टाचणी गिळायची राहिली. म्हणे अरे बाबा, अली माणूस होता, ओरांगउटान नव्हे. रीच म्हणजे दोन्ही हात आडवे पसरून या टोकाच्या बोटापासून त्या टोकाच्या बोटापर्यंत.

मला हे माहीतच होतं. काकांना येतं का ते बघत होतो.

तेव्हा हिशेब सोपा. रीच भागिले दोन म्हणजे एक हात. लक्षात ठेवणे. मी एकदाच चुकतो.

८ फेब्रुवारी

दातांचा डॉक्टर दुकानात आला होता. तोच, ज्याच्याकडे वरची काम करते. पांढऱ्या कोटाचं बटण तुटलं होतं. त्याच्याबद्दल आठवडाभर जरा धाकधूक होती. आज प्रत्यक्ष पाहिला. शिंप्याची नजर म्हणजे टेपच : पाच फूट चार, छाती चौतीस, तीही श्वास ओढून. बोलतो इतकं हळू की बटण म्हणाला ते काकांनी दोनदा विचारलं.

तक्त्यात त्याचीही ओळ घातली. मूर्ती : लहान. कीर्ती : दाढा.

शेरा : स्पर्धेतून बाद.

१० फेब्रुवारी

आईचा फोन. कॉलेजचं काय ठरवलंस. दर फोनला हेच. तिला परत सांगितलं की दुसऱ्या वर्षाला संख्याशास्त्राच्या सरांनी मला बाहेर जा म्हटलं आणि मी गेलो, यात आज्ञापालनच आहे. आई म्हणाली की बाहेर जा म्हणजे वर्गाच्या बाहेर, आठ महिन्यांसाठी नव्हे. आणि दार आपटायला सांगितलं होतं का, त्याची बिजागरी निखळली म्हणे.

दारं हल्ली कच्ची करतात.

११ फेब्रुवारी

तक्ता जोरात चालू आहे. मात्र काही किरकोळ अडचणी.

एक : १९१९. विलार्ड, साडेसहा फुटी, दोनशे पंचेचाळीस पौंड. समोर डेम्प्सी, एकशे सत्त्याऐंशी. पहिल्याच फेरीत विलार्ड सात वेळा खाली. दोन : कार्नेरा, आडवातिडवा डोंगर. मॅक्स बेअर त्याच्यापेक्षा पन्नासेक पौंडांनी हलका, तरी कार्नेरा दहा-अकरा वेळा लोळला. तीन : वाल्युएव, सात फूट! हरला तो सहा फूट तीनवाल्या हेकडून.

यांच्यासाठी 'अपवाद' असा तिसरा रकाना आखला. अपवादाने नियम सिद्ध होतो, त्यामुळे जितके अपवाद जास्त तितका नियम पक्का. क्लिचको भाऊ मात्र माझ्या बाजूने आहेत. त्यांना लाल शाईने लिहिलं.

सायंकाळ : अपवादाचा रकाना भरला. दुसरं पान जोडलं.

१२ फेब्रुवारी

मामा-मामी सकाळी त्यांच्या मुलीकडे गेले. तिचे दिवस भरलेत. दोन आठवडे तरी येणार नाहीत. झगा हाताखालून गेला नाही म्हणून मामा हळहळत होता. जाताना पिशवी हातात घेऊन उंबऱ्यावर मला सांगितलं की झग्याचं कापड घेऊन ठेवलंय, निळं सॅटिन, माप घे आणि तूच काप. काकांना दाखवून मगच कात्री लाव. नीट जमला तर तुला कटिंगच्या टेबलावर घेतो, लोक तुला मास्तर म्हणतील. नाही जमला तर जूनमध्ये मुकाट्याने कॉलेज. आणि दाराची काच सांभाळ.

मास्तर! शिंप्याच्या आयुष्यात यापेक्षा मोठा किताब नाही. आठ महिने मी उसवणं, इस्त्री आणि तळदुमड यांच्यावर काढले. आता कात्री माझ्या हातात, रोब तिचा. दैव एकाच गिऱ्हाइकात दोन कामं करतंय.

१३ फेब्रुवारी

काजकाकांशी बोलणं बंद.

सुरुवात त्यांनी केली. म्हणाले की एकोणपन्नास लढती, एकोणपन्नास विजय, उंची तुझ्यापेक्षाही कमी, आता बोल. मी म्हणालो की मार्सियानो आजच्या काळात असता तर साडेसहा फुटी लोकांनी त्याची चटणी केली असती. काका म्हणाले की त्याने जो लुईला पाडलं. मी म्हणालो की लुई तेव्हा सदतीस वर्षांचा होता, म्हाताऱ्यांना पाडण्यात काय कीर्ती. 'म्हाताऱ्यांना' हा शब्द जरा मोठ्याने गेला असावा. काकांनी सुई खाली ठेवली आणि म्हणाले की मार्सियानो एकोणपन्नास लढती लढून अजिंक्य राहिला, तू किती परीक्षा न देता अजिंक्य आहेस?

मी ताडकन उठलो आणि बाहेर गेलो.

काचेला तडा गेला आहे. बारीकच आहे. खालच्या कोपऱ्यापासून वरच्या कोपऱ्यापर्यंत.

१५ फेब्रुवारी

आज माप!!

बायकांची मापं नेहमी मामी घेते. मामी नाही. मी सकाळपासून टेप गळ्यात घालून सराव करत होतो. वरची आली, समोर उभी राहिली आणि माझ्या हातातली टेप आपोआप गुंडाळली गेली. खांद्याला हात लावायचा म्हणजे… नाही. मग विज्ञान धावून आलं. तिला दोन्ही हात आडवे पसरायला सांगितले, टेपचं एक टोक तिनेच बोटात धरलं, दुसरं मी. मधलं अंतर सहासष्ट इंच. स्पर्श शून्य, अचूकता शंभर टक्के.

तिने विचारलं की हे काय मोजतोयस. मी म्हणालो, तुझी रीच. तिचे डोळे मोठे झाले. म्हणाली की आजवर एकाही शिंप्याने तिची रीच मोजलेली नाही.

पहिला मी! उंची आणि घेर काजकाकांच्या जुन्या लेडीज तक्त्यावरून घेईन.

वहीत लिहिलं : बाही = ६६ ÷ २ = ३३.

१६ फेब्रुवारी

कापला. मामाने काकांना दाखवून काप म्हटलं होतं, पण जिथे बोलणंच बंद तिथे दाखवणार कसं? काकांनी खाकी कागदावरचा माझा खडूचा आराखडा लांबून पाहिला आणि त्याच कागदाच्या कोपऱ्यात पेन्सिलीने लिहिलं : बाही? फक्त एक शब्द आणि प्रश्नचिन्ह.

मत्सर माणसाला कुठे नेतो बघा. मी खाली लिहिलं : रीच! त्यांनी तो कागद बराच वेळ पाहिला, चष्मा पुसला आणि पुन्हा काज करायला बसले.

बाह्या जरा लांब दिसतात खऱ्या. पण रोबचं वैभवच बाहीत असतं. राजेमहाराजांच्या अंगरख्यांना बघा.

१८ फेब्रुवारी

शिवून पूर्ण. निळं सॅटिन, पांढरी किनार, पाठीवर काय लिहू असं विचारलं तर म्हणाली नाव नको, काहीच नको, जिंकल्यावर बघू. ट्रायल घेतली नाही. ट्रायल ही आत्मविश्वास नसलेल्यांची सोय आहे. शिवाय तिचाही सराव चालू आहे. पिशवीत घालून वर जिममध्ये कोचकडे दिली.

२० फेब्रुवारी

तक्ता पूर्ण! चौतीस बॉक्सर, सात पानं, त्यांतली चार अपवादांची. शेवटी, तिच्यासाठी खास म्हणून, एक ओळ तिची आणि एक तिच्या प्रतिस्पर्ध्याची घातली. (कोचकडून माहिती काढली : चोवीस तारखेची दुसरी मुलगी चार इंचांनी उंच, रीच सत्तर.) एक इंचाला पाच टक्के असं माझं सूत्र आहे. पन्नासातून वीस गेले. विजयाची शक्यता : तीस टक्के. अंडरलाइन केली.

सुबक अक्षरात प्रत काढून तिच्या हातात दिली. तिने उभ्या उभ्या शेवटचं पान वाचलं. मग माझ्याकडे पाहिलं. मग पुन्हा पान. तडक जिना चढून गेली.

प्रभावित झाली.

२१ फेब्रुवारी

वरून आज टिप-टिप नाही. धाड-धाड. बॅगेवर. छताचा चुना पडला, अर्ध्या शिवलेल्या कोटावर बसला. काजकाका आठ दिवसांत पहिलं वाक्य बोलले : कोणीतरी कोणालातरी तीस टक्के म्हणालंय वाटतं.

त्यांना कसं कळलं? मी म्हणालो की ते शास्त्र आहे. काका म्हणाले की शास्त्र दात आल्यावर शिकावं, पडल्यावर नव्हे.

मला हे वाक्य समजलं नाही. पण आमचं बोलणं पुन्हा सुरू झालं, बरं वाटलं.

२४ फेब्रुवारी

स्पर्धा एका बॅडमिंटन हॉलमध्ये होती. मी आणि काजकाका मागच्या बाकावर. दोन रांगा पुढे तो दातांचा डॉक्टर, पुढच्याचं डोकं आड येतं म्हणून मान वर करकरून बसलेला. मला दया आली.

तिचा पुकारा झाला. ती आली. निळा रोब झळकला. आणि मग बाह्या आल्या.

काय सांगू. ग्लोव्ह दिसतच नव्हते. दोन्ही बाजूंनी निळं सॅटिन सोंडेसारखं लोंबत होतं आणि चालताना गुडघ्यांवर फटफट आपटत होतं. हॉलमध्ये आधी कोणीतरी फिसकन हसलं, मग सगळेच. काजकाकांनी डोळ्यांवर हात घेतला. मी म्हणालो की गर्दीमुळे लांब वाटतंय. कोचने दोन्ही बाह्या धरून ओढल्या तेव्हा कुठे रोब निघाला, एक हात अडकला तो वेगळाच.

समोरची उंच मुलगी तर खांबाला टेकून हसत होती. घंटा झाली तरी तिचं हसू आवरेना. पहिला ठोसा तिने हसतानाच खाल्ला. दुसरा हसू थांबल्यावर. नंतर तिन्ही फेऱ्यांत ती लांब हात पुढे करायची आणि वरची तिच्या हाताखालून आत शिरून पोटात टिप-टिप-टिप. दोरीचाच ताल. मी बाकावर उभा राहून इतका ओरडलो की काकांनी शर्ट धरून खाली ओढलं.

पंचांनी वरचीचा हात वर केला.

एक विजय, शून्य पराभव. माझ्या तीस टक्क्यांना तीसही टक्के किंमत उरली नाही. तरी आनंद झाला, विचित्र आहे. तिला अपवादाच्या रकान्यात घालतो.

निरीक्षण : माझ्या बाह्यांमुळे प्रतिस्पर्धी हसली, हसली म्हणून चुकली. विजयाचं अर्धं श्रेय रोबला. हे ती स्वतःहून मान्य करेल तोपर्यंत मी बोलणार नाही.

संध्याकाळी बाहेर पडताना डॉक्टर तिची बॅग धरून उभा होता. कर्मचाऱ्याची काळजी घेतो. चांगला मालक.

२५ फेब्रुवारी

वाट पाहिली. आली नाही. बक्षीस समारंभ असेल.

स्वतःची बाही पुन्हा मोजली, साडेचोवीस. मग हात पसरून रीच मोजायला घेतली. एकट्याने टेप धरता येत नाही म्हणून काकांना दुसरं टोक धरायला दिलं. बाहत्तर. भागिले दोन, छत्तीस. साडेचोवीस आणि छत्तीस. काका टेप तशीच धरून शांतपणे म्हणाले की मधला अर्धा खांदा आणि पुढचा पंजा कुठे गेला रे शास्त्रज्ञा?

मी टेप गुंडाळून ठेवली.

खरं म्हणजे सोळा तारखेलाच विचारायला हवं होतं. काका म्हणाले, मी विचारलं होतं, प्रश्नचिन्हासकट.

२७ फेब्रुवारी

मामा-मामी आले. मुलगी झाली, दोघी ठीक. मामी म्हणाली बाळाचे हात लांब आहेत. तिने हे सहज म्हटलं असावं.

मामाने आधी काच पाहिली. मग वही पाहिली. बाही बरोबर सहासष्ट भागिले दोन. बोट ठेवून विचारलं की हे काय. मी सांगितलं. रीच, अली, काका, स्पर्श शून्य, सगळं. मामा इस्त्रीच्या टेबलावर बसला. टेबल गरम होतं. उठला आणि हसत हसत खुर्चीवर बसला. शेवटी डोळे पुसत म्हणाला की चाळीस वर्षं शिवतोय, लोकांनी बाह्या आखूड केलेल्या पाहिल्या, तिरक्या पाहिल्या, उलट्या जोडलेल्या पाहिल्या, पण पंजासकट माप घेणारा तूच पहिला. माझा धाकटा भाऊ माकडासारखा झाडावर चढायचा, तोसुद्धा बाही मनगटापर्यंतच घालायचा.

मग गंभीर झाला. म्हणाला की कॉलेजचा फॉर्म जूनमध्ये मिळतो.

२८ फेब्रुवारी, संध्याकाळी ५ वाजून १० मिनिटं

तेच मिनिट. ती आली.

मी उभा राहिलो. केस नीट केले. सगळं सांगायचं ठरवलं होतं : अपवाद, बाही, आणि शेवटी ते. तिने रोब काउंटरवर ठेवला, त्यावर माझा तक्ता. शेवटच्या पानावर तिच्या ओळीत निळ्या पेनाने भर घातलेली. मूर्ती : आहे तेवढी. कीर्ती : १-०. तीस टक्क्यांवर एक बारीक फुली.

आणि म्हणाली, मास्तर, बाह्या तेवढ्या मनगटापर्यंत करून द्या.

मास्तर.

द्या.

मामाने मशीन थांबवलं. काजकाकांनी चष्म्यावरून पाहिलं. आठ महिने ज्या शब्दाची मी वाट पाहिली तो आला, आणि नेमका तिच्या तोंडून. 'तू' होतो तेव्हा काहीच नव्हतो, आता मास्तर झालो तर 'तू' उरलो नाही. माणसाने मागताना तपशील सांगायला हवा.

ती पुढे म्हणाली की तुम्हाला राग आला नाही ना, त्या बाह्यांमुळे खूप हसले लोक, पण रिंगणात शिरताना भीती गेली, त्यासाठी थँक यू. आणि एक काम आहे. एप्रिलमध्ये लग्न आहे, कोट शिवायचाय. तिचा नाही. ती दाराकडे वळून बघत म्हणाली की हा आत यायला लाजतो, याला सांगितलंय की मास्तर रीचसुद्धा मोजतात.

दाराबाहेर, तडा गेलेल्या काचेच्या खालच्या तुकड्यात पूर्ण मावलेला, दातांचा डॉक्टर.

पाच फूट चार.

 खरं म्हणजे मी नेहमी बोलतो, उठतो आणि जातो. आज पाय जागचे हलले नाहीत. तिला म्हणालो, आधी तुमची बाही. तिने हात पुढे केला, कोपर जरासं वाकवलं. खांद्याच्या शिवणीवर टेपचं टोक ठेवलं, कोपरावरून मनगटाच्या हाडापर्यंत आणलं. साडेएकवीस. वहीत लिहून घेतलं. ती म्हणाली की आता खरे मास्तर दिसता. डॉक्टरला आज पेशंट आहे म्हणून ते दोघं गेले. साडेसहाला त्याचं माप घ्यायला दवाखान्यात यायला सांगितलंय.

ते गेल्यावर मामा म्हणाला की झग्याच्या बाह्या आत्ता उसव, पुढचं उद्या. उसवणं मला येतंच. बसलो आणि दोन्ही उसवल्या, साडेएकवीसवर खूण केली. उरलेलं सॅटिन साडेअकरा इंच, दोन तुकडे. मामीने ते उचलले आणि बाळाचं टोपडं होईल म्हणाली. वाया काही गेलं नाही.

मग मामा कटिंगच्या टेबलावरचा पसारा बाजूला करून, दुसरीकडे बघत म्हणाला की तो डॉक्टरचा कोट तूच काप. मी विचारलं की कॉलेजचा फॉर्म? तर म्हणे, तोही भर, संध्याकाळचं कॉलेज असतं. काका म्हणाले की संख्याशास्त्र मात्र घेऊ नकोस, ते बिचारं आधीच अर्धमेलं आहे.

तक्ता पुन्हा काढला. डॉक्टरच्या ओळीतलं 'स्पर्धेतून बाद' खोडलं. मूर्ती : लहान. कीर्ती : हा रकाना बराच वेळ कोरा ठेवला, मग 'महान' लिहिलं. लिहिताना काकांनी पाहिलं. काही बोलले नाहीत. हे त्यांनी माझ्यासाठी आजवर केलेलं सर्वांत मोठं काम.

माझ्या ओळीत 'शून्य पराभव'च्या पुढे स्वल्पविराम देऊन लिहिलं : ०-१.

सव्वासहा झाले. दवाखाना कोपऱ्यावर आहे. टेप गळ्यात घातली, खडू खिशात, मापाची वही काखेत. निश्चय : छाती, खांदा, पाठ, बाही मनगटापर्यंत. हात पसरायला सांगायचे नाहीत. श्वास सोडायला सांगायचा. आणि त्याला 'तुम्ही' म्हणायचं, गिऱ्हाईक आहे.

ते दोघं गेल्यावर काचवाला येऊन दाराला नवीन काच बसवून गेला. वही मिटतो, निघतो आणि दार लावतो. हळूच. तसं काही नाही, पुट्टी अजून ओली आहे.